सारजाचं उत्तर

“दहा अन् तीस,” सारजा म्हणाली.

आईचं वय मुलीच्या तिप्पट, दहा वर्षांनी दुप्पट. स्वरदाचं उदाहरण वाचून संपतं न संपतं तोच आईचं उत्तर तयार.

“आय, उत्तर बरोबर हाय. पण समीकरण कुठं हाय? मुलीचं वय एक्स मान.”

“अगं, दहा हाय की! एक्स कशाला मानू?”

सारजा बारामतीतल्या एका खासगी दवाखान्यात अठरा वर्षं आया होती. नर्सिंगच्या छोट्या कोर्सला दहावी लागत होती आणि वयाची मर्यादा यंदा संपत होती. बाहेरून बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरून तिनं बाकीचे विषय सोडवले होते. गणित दोनदा राहिलं होतं. जळोचीतल्या त्यांच्या खोलीत लेक तिला रोज सकाळी शिकवत होती.

परीक्षेत डाळिंबाच्या पेट्यांचं उदाहरण आलं. तीन मोठ्या आणि दोन लहान पेट्यांचं वजन चव्वेचाळीस किलो. मोठी पेटी लहानीपेक्षा आठ किलोनं जास्त. लहान चार, मोठी बारा, हे तिला लगेच कळलं. तरी तिनं लेकीचं ऐकलं. वाक्य वाचत गेली तसं लिहीत गेली : मोठी अधिक आठ बरोबर लहान.

उत्तर निघालं, मोठी पाच पूर्णांक सहा दशांश. लहान त्याहून मोठी!

तिनं खोडलं, पुन्हा मांडलं. पुन्हा तेच. चूक आहे हे समोर दिसत होतं, पण कुठं ते दिसेना. घंटा झाली तेव्हा तिनं खाली घाईघाईनं ‘चार आणि बारा’ एवढंच लिहिलं.

निकालात गणिताला एकतीस होते.

“आय, आठ लहानीत मिळवायचे होते गं,” स्वरदा रडवेली झाली.

“व्हय? मला वाटलं, मोठीचं नाव आधी आलंय, तर आठ तिलाच.” सारजानं गुणपत्रिकेची घडी घातली. “राहू दे. डबा भर, ड्युटीला उशीर हुतोय.”

महिन्याभरानं त्या नर्सिंगच्या कोर्सची पहिली मुलगी वॉर्डात शिकायला आली. निकिता, एकोणीस वर्षांची, पांढऱ्या कडक कपड्यांतली. कंबर मोडलेल्या एका आजींपाशी ती घाबरून उभी राहिली.

“मावशी, ह्यांना कुशीवर कसं वळवायचं? दुखलं तर?”

सारजा पदर खोचून पुढं आली. तिनं निकिताचा हात धरून आजींच्या खांद्याखाली नेऊन ठेवला.

“हितं धर. आता माझ्याबरोबर... हळू.”

आजी वळल्या. त्यांना कळलंसुद्धा नाही.

“किती सोप्पं केलंत!” म्हणत निकितानं खिशातून वही काढली आणि ती लिहू लागली. सारजा चादरीची सुरकुती सरळ करत राहिली.