भूकंपाच्या तालमीची घंटा

मी एक जुनी पितळी घंटा आहे. हातात धरून वाजवायची, अक्रोडाच्या लाकडाची मूठ असलेली. मित्रांनो, शाळेची घंटा म्हटलं की तुम्हाला मधली सुट्टी आठवत असेल. माझं तसं नव्हतं. सुट्टीसाठी आमच्या शाळेत विजेची घंटा होती. मला फक्त एकाच कामासाठी खिळ्यावरून काढत, ते म्हणजे भूकंप. भूकंपात वीज जाते, म्हणून हाताने वाजवायची घंटा हवी, असं ठरवून मला आणलं होतं.

मेंढरांच्या गळ्यातल्या घंटा ओतणाऱ्या एका म्हाताऱ्याने मला घडवलं. पहिल्यांदा वाजवून पाहिल्यावर तो कानावर हात ठेवत म्हणाला होता, "हिच्या आवाजाने मेंढरं कड्यावरून उड्या टाकतील. ही माणसांनाच द्या."

वाल्या नुकुलुई हे आमचं गाव डोंगरात आहे. तिथली जमीन अधूनमधून हलते. लोक सकाळी एकमेकांना विचारतात, "तुमच्याकडे हललं का?" "किंचित. कपाटातल्या बशा वाजल्या." एवढं बोलून पावाच्या दुकानाकडे वळतात. पण थोरामोठ्यांच्या लहानपणी एक मोठा भूकंप झाला होता. त्याच्याबद्दल मात्र कुणी असं सहज बोलत नसे.

शाळेचे शिपाई इलारीकाका हे माझे धनी. शाळा दुमजली. वरच्या मजल्यावर लहान वर्ग. खाली जिन्याजवळ काकांचं जाडजूड ओक लाकडाचं टेबल, आणि त्याच्या वर माझा खिळा. वर्षातून दोनदा तालीम होई. काका मला घेऊन जोरजोरात हलवत आणि मुलं जिन्यावरून धडाधड खाली मैदानात येत. मुख्याध्यापक घेर्मान सर हातात घड्याळ घेऊन उभे असत. एकदा ते ओरडले, "एकोणसत्तर सेकंद!" जिल्ह्यात तो विक्रम ठरला. शाळेला प्रशस्तिपत्रक मिळालं. सरांनी ते चौकटीत घालून माझ्या शेजारीच लावलं. समारंभाच्या दिवशी मला सोन्यासारखं चकाकेपर्यंत घासलं, आणि पाहुण्यांनी मला हातात घेऊन पाहिलं. माझं एवढं कौतुक पुन्हा कधी झालं नाही.

पण मला आतून धास्ती वाटायची. मी वाजू लागले की मुलांचे चेहरे कसे होतात, हे सरांना घड्याळात दिसत नव्हतं. मला दिसत होतं. तिसरीत सावेता नावाची एक किडकिडीत मुलगी होती. तालमीची तारीख फळ्यावर लिहिली की त्या दिवसापासून ती माझ्यासमोरून जाताना भिंतीला चिकटून जायची. डोळे माझ्यावरच. जणू मी साप आहे आणि खिळ्यावरून सुटून येईन.

मग एके दिवशी राजधानीतल्या एका संशोधन संस्थेतून स्मारांदा नावाच्या बाई आल्या. पस्तिशीच्या, पायात चिखलाचे बूट, पिशवीत वही आणि दोन घड्याळं. मुलांना शिकवलेली एखादी गोष्ट खरंच उपयोगी पडते की नाही, हे तपासणं हे त्यांचं काम होतं.

"एकोणसत्तर सेकंद!" सरांनी चौकटीकडे बोट दाखवलं.

"छान. मुलांना आधी सांगितलं होतं का, सर?"

"सांगितल्याशिवाय कसं चालेल? पोरं घाबरतील ना!"

"भूकंप सांगून येतो का?"

सरांचे कान लाल झाले. इलारीकाका टेबलामागे तोंड लपवून हसले.

"न सांगता एकदा वाजवू या," बाई म्हणाल्या.

काकांचं हसू तिथेच मावळलं. "नको बाई. पोरांच्या जिवाशी खेळ कशाला?"

"तालमीत काही झालं तर आपण सगळे जवळ आहोत, काका. पुढे कुणास ठाऊक."

एका मंगळवारी, गणिताच्या तासाला, काकांनी मला खिळ्यावरून काढलं. त्यांनी वरच्या दिशेने पाहून क्रुसाची खूण केली आणि मला हलवलं.

मित्रांनो, ती तीन मिनिटं मी कधीही विसरणार नाही. आधी वर खुर्च्या पडल्याचा आवाज. मग किंकाळ्या. मग जिना पायांनी भरून गेला. जिना जिथे वळतो तिथे पहिली मुलं अडली, मागची त्यांच्यावर आली. मी जितकी वाजत होते तितकी मागची मुलं जोर लावत होती. मला थांबायचं होतं, पण घंटेला स्वतःहून थांबता येत नाही. एका मुलाचं मनगट कठड्यात अडकलं. सावेता खाली बसली होती आणि तिच्या डोक्यावरून दप्तरं जात होती. "बस! बस करा!" स्मारांदाबाई ओरडल्या आणि मुलांना एकेक करून ओढून बाहेर काढू लागल्या. काकांनी मला टेबलावर आदळलं.

तीन मिनिटं अकरा सेकंद झाली होती. मनगट मुरगळलं होतं, मोडलं नव्हतं. त्या मुलाला शाळेतच पट्टी बांधली. त्याची आई संध्याकाळी येऊन सगळ्यांसमोर स्मारांदाबाईंना वाट्टेल ते बोलून गेली. बाई खाली मान घालून म्हणाल्या, "तुमचं बरोबर आहे. दोष माझाच."

त्याआधी, मुलं मैदानात जमल्यावर, बाई त्यांच्या शेजारी गवतावर बसल्या; काका मला हातात घेऊन जवळच उभे होते. त्यांनी सावेताला विचारलं, "घंटा ऐकल्यावर तुला काय वाटलं गं?"

तिने मूठभर गवत उपटलं. मग म्हणाली, "घंटा वाजली की शाळा पडते."

"असं कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. ती वाजली की सगळे पळतात. म्हणजे तीच पाडते."

ते ऐकून माझ्या पितळेत कळ गेली. मला वाटत होतं मी राखणदार आहे. त्या पोरीच्या लेखी मीच भूकंप होते.

दुसऱ्या दिवशी बाईंनी जिना पाहिला. ठोकून पाहिला, वळणावरच्या रुंद दगडी फरशीखाली हात घालून पाहिला. "सर, हादऱ्यात घराचा सगळ्यात कच्चा भाग बहुधा जिनाच असतो. आणि आपण मुलांना हादऱ्यातच जिन्यावर पाठवतोय."

"मग काय करायचं? बसून राहायचं?" सर चिडून म्हणाले.

"मला वाटतं, हो. हादरे चालू असताना बाकाखाली शिरायचं, बाकाचा पाय घट्ट धरायचा. घंटा गप्प. हादरे थांबले की मग घंटा, आणि सावकाश बाहेर. पण हे मला नुसतं वाटतंय. म्हणून जिल्ह्यातल्या वीस शाळा घेतल्यात. चिठ्ठ्या टाकून दहा शाळांत ही पद्धत शिकवणार, दहा शाळांत जुनीच चालू राहील. वसंत ऋतूत दोन्हीकडे तपासायचं."

काकांनी भुवया चढवल्या. "म्हणजे बाई, तुम्हालाच माहीत नाही?"

"नाही काका. माहीत असतं तर एवढ्या चिखलातून मोजायला कशाला आले असते?"

"हे बरंय! आमचे सर तर न मोजताच सगळं जाणतात."

"इलारी!" सर गरजले.

आमच्या शाळेची चिठ्ठी नव्या पद्धतीची निघाली. सरांनी ती तीनदा वाचली आणि प्रशस्तिपत्रकाची चौकट स्वतः उतरवून कपाटात ठेवली. मला वाटलं, आता माझीही पाळी. पण बाईंनी मला तिसरीच्या वर्गात नेलं आणि मुलांच्या हातात दिलं. मुलांनी मला फिरवलं, आतला लोलक बोटाने ढकलून पाहिला, वास घेतला. सावेताने मात्र हात मागे बांधले. चौथ्या आठवड्यात तिने एका बोटाने मला शिवून पाहिलं. पाचव्या आठवड्यात तिने मला एकदाच, अगदी हळू वाजवलं आणि छताकडे पाहिलं. छत जागच्या जागी होतं.

मुलं बाकाखाली शिरायला शिकली. बाई काकांनाही म्हणाल्या, "तुम्ही कुठे शिरणार?"

"माझे गुडघे टेबलाखाली मावत नाहीत, बाई."

"मग आजपासून सराव करा."

हिवाळा संपत आला होता. बाईंची वसंतातली तपासणी अजून तीन आठवडे दूर होती. त्या दिवशी सकाळी साडेदहाला सगळ्यात आधी कुत्री भुंकायची थांबली. मग जमिनीखालून असा आवाज आला, जणू दगडांनी भरलेली मालगाडी शाळेखालून चालली आहे. भिंत माझ्या पाठीला धडकू लागली. मी आपोआप वाजायला लागले. मला कुणी हात लावला नव्हता, तरी मी वाजत होते, आणि वर मुलं होती, आणि जिना तिथेच होता. भीतीने मी सुन्न झाले. माझ्याच आवाजाला मी भीत होते.

घेर्मान सर कचेरीच्या दारातून ओरडले, "घंटा! इलारी, घंटा वाजव!"

काकांनी झडप घालून मला ओढलं. तीस वर्षांची सवय त्यांच्या हातात होती. हात वर गेला. आणि मग मित्रांनो, त्यांचा दुसरा हात माझ्या पोटात घुसला आणि त्यांनी माझा लोलक मुठीत आवळून धरला.

"नाही वाजवत, सर! खाली बसा!"

"अरे, पोरं वर आहेत!"

"म्हणूनच! या इकडे!"

काका टेबलाखाली घुसले. सर चार पायांवर रांगत आले आणि त्यांच्या गुडघ्यांना गुडघे लावून बसले. मी दोघांच्या मध्ये, काकांच्या छातीशी. त्यांचं काळीज माझ्यावर घण मारावा तसं ठोकत होतं. प्रत्येक हादऱ्याला माझी कड त्यांच्या बोटांवर आपटे. बोटं रक्ताळली, पण मूठ सुटली नाही. सर डोळे मिटून "देवा रे, देवा रे" एवढंच म्हणत होते.

मग वळणावरची जिन्याची फरशी तुटली. आधी एक कड, मग सगळी. आमच्यापासून चार पावलांवर ती कोसळली आणि धुळीने काहीच दिसेनासं झालं. तिच्यावर एकही पाऊल नव्हतं.

हादरे थांबले. इतकी शांतता पसरली की मला वाटलं, वर कुणीच उरलं नाही. काकांनी मूठ उघडायचा प्रयत्न केला, ती उघडेना. सरांनी त्यांची बोटं एकेक करून सोडवली. मग काकांनी मला हलवलं. तीनदा, संथपणे. घशात धूळ गेल्यासारखा माझा आवाज फुटला.

वरून एक बारीक आवाज आला. "काका, आता यायचं का?" ती सावेता होती.

"थांब गं पोरी, जिना नाही राहिला. तिथेच बसा. सगळे आहेत का?"

ती मोजत असावी. "सगळे आहेत. आमच्या वर्गाच्या बाईंच्या कपाळाला लागलंय. दोन मुलं दारापर्यंत पळाली होती, त्यांना आम्ही पायाला धरून ओढलं."

बंबवाल्यांनी खिडकीला शिडी लावून सगळ्यांना उतरवलं. खिडकीजवळच्या बाकांवर काच पडली होती, तिथल्या चौघांना टाके पडले. बाकी कुणाला काही नाही. घेर्मान सर मैदानात जमिनीवर बसले आणि प्रत्येक मुलाच्या डोक्याला हात लावत राहिले. एकाच मुलाच्या डोक्याला त्यांनी दोनदा हात लावला, तरी कुणी हसलं नाही.

इथे गोष्ट संपली असती तर मला सांगायला सोपं गेलं असतं.

दोन दिवसांनी स्मारांदाबाई आल्या. काकांच्या पट्टी बांधलेल्या हाताकडे त्या पाहत राहिल्या. मग टेबलापाशी बसल्या आणि म्हणाल्या, "डोंगरापलीकडच्या शाळेत घंटा वाजली, काका."

पलीकडची शाळा चिठ्ठीत जुन्या पद्धतीच्या दहांत निघाली होती. तिथे शिपायाने शिकवल्याप्रमाणे हादऱ्यातच घंटा वाजवली. मुलं शिकवल्याप्रमाणे जिन्यावर आली. त्यांचाही जिना तुटला. चौदा मुलं दवाखान्यात होती. एका मुलाचं पाऊल कापावं लागलं.

"माझी चिठ्ठी होती ती," बाई म्हणाल्या. "तीन आठवडे आणखी मिळाले असते तर वीसही शाळांना शिकवलं असतं."

काका त्यांच्यासमोर बसले. मग म्हणाले, "बाई, तुम्ही आलाच नसता तर चिठ्ठी कुठली? वीसही शाळांत घंटा वाजली असती."

"माहीत आहे. तरी झोप लागत नाही."

"थोडे दिवस नाहीच लागायची," काका म्हणाले आणि आलुबुखाराच्या दारूचा छोटा पेला त्यांच्यापुढे सरकवला. "पण वही उघडा. आमचं काय चुकलं तेही लिहा. खिडकीजवळची बाकं हलवायला हवी होती, ते आधी लिहा."

बाईंनी डोळे पुसले आणि वही उघडली. त्या महिन्यातच वीसही शाळांत नवी पद्धत शिकवली गेली, आणि नंतर जिल्हाभर.

आज मी म्हातारी झाले आहे. माझ्या आतल्या कडेला काकांच्या बोटांचे डाग आहेत, ते कुणी घासून काढले नाहीत. जमीन हलली की मी अजूनही थरथरते.

मित्रांनो, तुमच्याही शाळेत, दवाखान्यात, पुलावर तुमच्या जिवासाठी काहीतरी ठेवलेलं असेल. त्याला नुसतं पुसून चकाकत ठेवणं म्हणजे काळजी घेणं नव्हे. ते खरंच उपयोगी पडतं का, हे संकट येण्याआधी कुणीतरी विचारायला हवं. विचारणाऱ्यावर लोक रागावतील, तरी विचारायला हवं.

आणि कधी डोंगरापलीकडे गेलात तर त्या दुसऱ्या शाळेत डोकावून या. म्हणतात, तिथली घंटा लोकांनी कोळशाच्या खोलीत टाकून दिली आहे, कुणी तिच्याकडे बघतही नाही. मी तिला कधी पाहिलं नाही. पण तिच्यावर रागावू नका. तिला जे शिकवलं होतं तेच तिने केलं, आणि भीतीने तीही कापत असणार.