सहा फोटो, एक खड्डा

"रोप लावाया गं बाई, आल्या गावच्या साऱ्या नारी,
पाणी घालाया दुसऱ्या दिशी कुनी फिरंना गं दारी..."

मिरच्या कांडता कांडता विनयाआत्या ही ओवी म्हणायची, तेव्हा अनघा जेमतेम पाच वर्षांची होती. आता ती लखनऊच्या एका हिंदी दैनिकात पाककृतींचं पान सांभाळत होती. सत्त्याण्णवच्या जूनमध्ये जुने अंक चाळताना आत्याचा आवाज अचानक कानात घुमला. शहरातल्या वनस्पती संशोधन संस्थेतल्या पर्यावरण दिनाचे सहा वर्षांचे सहा फोटो. पाहुणे निरनिराळे, रोपही दर वर्षी नवं. पण तोच खड्डा, तीच पिवळी भिंत आणि शेजारी हसऱ्या चेहऱ्याचे शास्त्रज्ञ डॉ. हेमचंद्र!

संपादक म्हणाले, "बिटिया, पौधे क्यों मरे, यह कोई जानकार अपने नाम से कहे, तो पहला पन्ना तुम्हारा. वरना कल से फिर करेले की सब्जी."

कारल्याच्या धास्तीनं अनघानं तडक डॉ. हेमचंद्रांचं तेलीबागेतलं घर गाठलं. तिच्या घरोब्यातले हे हेमचंद्रकाका त्या संस्थेच्या रोपवाटिकेचे प्रमुख. दर वर्षीचं रोप काकाच देत.

"काका, यंदा पेपरला काय सांगणार?"

"झाडं म्हणजे धरतीचं हसू."

"सहा वर्षं हेच छापतोय आम्ही."

"मग दात पडले असतील तिचे!" आतून लताकाकू म्हणाल्या.

काका खाकरले. "बकऱ्या फार झाल्यात, बेटा."

"फाटकावर चौकीदार असतो."

"ऊन..."

"शेजारचा कडुनिंब मजेत आहे, काका. सहाच्या सहा रोपं गेली, आणि तुम्हाला कारण माहीत नाही?"

काकांनी उठून पंखा वाढवला. अनघानं वही मिटली. "अच्छा. मग कारल्याची भाजीच लिहिते."

काकू पोह्यांच्या बश्या घेऊन आल्या. एक अनघापुढे ठेवली, दुसरी हातातच धरून उभ्या राहिल्या. "सांगा की हो. त्या सहा फ्रेमा पुसून पुसून माझे हात दुखले."

काकांनी भिंतीवरच्या फोटोंकडे पाहिलं. फोटोगणिक ते जाडे होत गेले होते.

"वही उघड," ते हळूच म्हणाले. "तिथं फूटभर खाली जुन्या टाकीचा स्लॅब आहे. पहिल्या वर्षीच कुदळ खणकन वाजली होती. पण मंडप तिथंच, कॅमेरा तिथंच... आणि माझा फोटो फार छान आला होता गं."