ऐकलेलं वाक्य

आमच्या शब्दकोशाच्या कचेरीत माणसं दोनच, मी आणि प्रमुख संपादक, म्हणजे माझे बाबा. कायदेही दोनच, आणि दोन्ही बाबांचे. कुठल्याही अर्थाचं उदाहरण मनानं रचायचं नाही, ते कुणाच्या तरी तोंडून ऐकलेलं हवं. आणि पान पुरं झाल्याशिवाय कुणी खुर्ची सोडायची नाही.

त्या दिवशी पान होतं 'पळणे'चं. सकाळपासून मी कार्डं भरत होते. 'झोप पळाली' दूधवाल्याचं. 'कायद्यातून पळवाट काढली' वकीलकाकांचं. 'कामापासून पळतोस कशाला?' मावशीचं, रोजचंच. एकेक वाक्य लिहिताना मला इतकं हसू फुटत होतं, की बाबांनी दोनदा चष्म्यावरून बघितलं. त्यांना काय ठाऊक! पाच वाजता विवाह नोंदणी कार्यालय बंद होणार होतं, आणि तिथे आमचा कोश छापणारा छापखानेवाला नवा सदरा घालून माझी वाट बघत होता. पस्तिसाव्या वर्षी मला नुसत्या गुदगुल्या होत होत्या.

घरी सांगायची सोयच नव्हती. त्यानं आमच्या दुसऱ्या खंडाची सोळा पानं उलटी छापली होती, आणि या माणसाला दारात उभं करणार नाही, असं बाबांनी तेव्हाच जाहीर केलं होतं.

सव्वाचारला एकच कार्ड उदाहरणावाचून उरलं. 'पळून जाणे: घरच्यांच्या नकळत लग्नासाठी घर सोडणे.' बाबांनी जुनी खोकी उपसली. ऐकलेलं वाक्य एकही सापडेना. साडेचार झाले आणि माझा धीर सुटला.

"बाबा, लिहून घ्या," मी म्हणाले. "मी आज छापखानेवाल्याबरोबर पळून जातेय."

बाबांनी सवयीनं वाक्य उतरवलं, खाली तारीख घातली. मग त्यांचा हात थांबला.

"बाद," ते म्हणाले.

"बाद? का?"

"व्याख्या वाच. घरच्यांच्या नकळत. तू तर मला सांगितलंस. हे पळून जाणं नव्हेच."

"मग काय आहे?"

बाबांनी चष्मा काढून पुसला. डोळेही पुसले.

"लग्न," ते म्हणाले. "ऊठ, नोंदणी कार्यालय पाचला बंद होतं ना?"

"आणि पान?"

"राहू दे अर्धं," बाबा म्हणाले, आणि माझ्याआधी धडाधड जिना उतरले.