शपथेत नसलेलं यंत्र

लोबोंच्या घरातला मेजर गेला, त्या दिवशी आमच्या वाडीतलं टेलिफोन एक्स्चेंजच बंद पडलं.

मेजर म्हणजे त्यांचा कुत्रा. ह्युबर्ट लोबो आणि त्याची बायको आल्बिना यांचा अबोला होता, तो त्यांची मुलगी फ्लाव्हिया लग्न होऊन मडगावला गेली त्या दिवसापासूनचा. त्याची कारणं वाडीत तीन सांगतात. तिन्ही माझ्याच तोंडून निघालेली, त्यामुळे खरं कुठलं हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक नाही. खरं असं की लग्नाच्या जेवणात, भर पाहुण्यांत, ह्युबर्ट म्हणाला, "सोरपोतेलात व्हिनेगर कमी पडलोसो वाटता." डुकराच्या मांसाचं ते कालवण आल्बिनाने दोन दिवस मुरवलं होतं. तिने हातातला डाव खाली ठेवला आणि त्याच्याबरोबर बोलणंही ठेवलं.

ह्युबर्टने काही दिवस वाट पाहिली. मग एका संध्याकाळी चिडून दारासमोरच्या खुरसाला, म्हणजे क्रुसाला, हात लावला आणि सगळ्या वाडीला ऐकू जाईल असा ओरडला, "मी पयलो बोललंय तर माझी जीभ झडांदे! चिठी लिवलंय तर हात झडांदे!" आल्बिनाला शपथ घ्यायची गरज पडली नाही. तिचा हट्ट शपथेपेक्षा चार बोटं उंच.

पण संसार म्हटला की काहीतरी बोलावं लागतंच. मग मेजर मध्ये आला.

"मेजर, तेका सांग, पेज निवता."

"मेजर, तिका सांग, माका भूक नाय."

"मेजर, तेका सांग, मगाशी नेवऱ्यांचो डबो वाजलो तो काय उंदरान उघडल्यान?"

मेजर एकदा इकडे बघे, एकदा तिकडे. शेवटी शेवटी त्याच्या मानेचं बिजागर इतकं सैल झालं होतं, की वारा सुटला तरी डोकं आपसूक फिरायचं. पण निरोप्या पक्का. आल्बिनाबरोबर मालवणच्या मासळीबाजारात जायचा. एकदा त्याने भुंकून भुंकून सुरमईचा भाव निम्म्यावर आणला. मी तिथे होतो म्हणून. नसतो, तर माझाही विश्वास बसला नसता.

तो मेजर चतुर्थीनंतर म्हातारपणाने गेला. लोबोंचं घर असं गप्प झालं, की भिंतीवरची पालसुद्धा चुकचुकायच्या आधी दोनदा विचार करी. ह्युबर्टने कोंबड्यांवर प्रयोग केला, पण निरोप पुरा व्हायच्या आत कोंबड्या पांगायच्या. आणि त्याच सुमारास बातमी आली. ती त्याला बायकोकडून नाही, अंडी न्यायला आलेल्या गिऱ्हाइकाकडून कळली. नाताळाच्या आधी आल्बिना मडगावला, लेकीकडे, कायमची राहायला चालली होती. बाजारातून तिने नवी बॅगसुद्धा आणली होती.

ह्युबर्ट माझ्या ओट्यावर येऊन बसला. मालवणच्या पेठेत उभी हयात लग्नाचे सूट शिवलेला माणूस, पण त्या दिवशी त्याच्या स्वतःच्या शर्टाचं बटण खालच्या काजात गेलं होतं.

"बाबल्या," म्हणाला, "तिका एक सांगशीत?"

"काय सांगू?"

"सांग, जाव नको."

मी गेलो. सांगितलं. पण एवढासा निरोप नेताना मलाच लाज वाटली, म्हणून वाटेत जरा भर घातली. ह्युबर्टने अन्न सोडलंय, झोपेत लॅटिनमध्ये रडतो, वगैरे. आल्बिना अंडी पुसत होती. मान वर न करता म्हणाली, "बाबल्या, तू घातलेली भर काढली, तर खाली काय उरता रे?" आणि मी खरंच काय उरतं ते सांगायला तोंड उघडलं, तर तिचा त्यावरही विश्वास बसला नाही. आयुष्यात पहिल्यांदा मला माझा धंदा नडला.

आता कॉम्प्युटर. मालवणात भाताच्या जुन्या गिरणीच्या माडीवर एक कम्युनिटी कॉलेज निघालं होतं. संध्याकाळी कॉम्प्युटरचे वर्ग, वयाची अट नाही. माझ्या बायकोने, तुळसाने, माझं नाव आधीच घातलं होतं. म्हणाली, "जावा थंय आणि शिका. निदान खोटा टाईप करून बोलशात, माझ्या कानाक तरास नाय." मी ते ह्युबर्टला सांगितलं आणि सांगता सांगताच माझ्या डोक्यात वीज चमकली.

"ह्युबर्ट, शपथेत काय काय घेतलंस?"

"जीभ. आणि हातान लिवलेली चिठी."

"कॉम्प्युटर?"

त्याने ओट्यावरून आपल्या दारासमोरच्या खुरसाकडे बघून घेतलं. "तेवा तो वाडीत इलोच नाय होतो," तो हळूच म्हणाला.

घरात मोबाइल एकच, तोही आल्बिनाच्या कमरेला. म्हणून ह्युबर्ट माझ्याबरोबर त्या माडीवर आला. आणि दारातून आत बघतो तर काय, पुढच्या बाकावर हातात पर्स धरून आल्बिना बसलेली.

शिकवायला संचिता म्हणून मुलगी होती, कणकवलीकडची, शुद्ध बोलणारी. तिने एकेकाला उभं करून विचारलं, तुम्हाला कॉम्प्युटर कशासाठी शिकायचाय. काजूवाला गुरुदास म्हणाला, गोव्यातल्या व्यापाऱ्यांना मेल पाठवायला. आल्बिना उठली. "मडगांवसून माका हयल्यो कोंबयो बघूच्यो आसत. विडियोर."

"कोंबड्या?" संचिताने विचारलं.

"कोंबयो. आणि थंय आसपास जा काय दिसात ता."

ह्युबर्टची पाळी आली. त्याने घसा साफ केला. "माका एकच वाक्य लिवक शिकायचा आसा."

संचिताला या दोघांचं काहीच माहीत नव्हतं. मशीनं कमी, माणसं जास्त. तिने यादी बघितली, आडनाव एक दिसलं, आणि हसत म्हणाली, "लोबो आजी, लोबो आजोबा, तुम्ही दोघं एकाच मशीनवर बसा. एकमेकांना मदत करा." सगळा वर्ग माझ्याकडे बघायला लागला, जणू हे मीच जमवलं होतं. न केलेल्या कामाचं श्रेय मी सहसा नाकारत नाही.

तर असे ते बसले. मध्ये एक कीबोर्ड, एक माऊस, आणि एक कोपर जाईल एवढी जागा. ह्युबर्टच्या हातात माऊस आला की तो इस्त्रीसारखा दाबून टेबलावर सरळ रेषेत फिरवायचा, विजारीची घडी पाडतात तसा. टाइप करायला बसला की पाय टेबलाखाली शिलाई मशीनचं पायडल शोधायचे. संचिता म्हणे, "आजोबा, पाय नको, बोटं." आल्बिना तोंडाला पदर लावून खिडकीबाहेर बघे. पदर कशाला, ते वर्गात सगळ्यांना कळायचं, एका ह्युबर्टला सोडून. एकमेकांशी शब्द नाही. माऊस हवा असला की ती टेबलावर बोटाने टकटक करी. तो सोडून देई.

संचिता रोज एकच मंत्र घोकून घ्यायची: "लिहिलं की सेव्ह करा. वीज आपल्या हातात नाही." आम्ही तिला होय म्हणायचो आणि विसरायचो.

दिवाळी झाली. मडगावला जायचा दिवस जवळ आला. ह्युबर्टला 'क'ला काना देता येत होता, पण 'ज'ची वेलांटी अजून सापडत नव्हती. घरी परतताना आपली स्कूटर थांबवून मला विचारायचा, "बाबल्या, जाव नको ह्येच्यात वेलांटी आसा काय रे?"

"नाय."

"मगे ती शिकून काय करू?"

त्या गुरुवारी संचिता म्हणाली, "आज पुस्तकातलं नाही. मनातलं दोन ओळी लिहा. कोणालाही."

मी लोबोंच्या मागच्याच खुर्चीत होतो. माझ्या चष्म्याचा नंबर वाढलेला, पण दुसऱ्याच्या स्क्रीनवरचं मला लांबूनही वाचता येतं. ह्युबर्टने हात विजारीला पुसले. मग एकेक अक्षर, एकाच बोटाने. इतकं सावकाश, की गिरणीमागच्या माडावरचा अडसर, म्हणजे कोवळा नारळ, पिकून, सुकून खाली पडला, तेव्हा कुठे ओळ पुरी झाली.

*मेजर तिका सांग जाव नको*

झालं. त्याने हात मांडीवर घेतले. मेलेल्या कुत्र्याला त्याने कॉम्प्युटरवर निरोप दिला होता. मला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

आल्बिनाने ती ओळ वाचली. पुन्हा वाचली. पर्स मांडीवरून खाली ठेवली. मग टकटक न करता कीबोर्ड सरळ आपल्याकडे ओढून घेतला. अंडी मोजावी तशी भराभर तिची बोटं चालली. मध्येच एकदा थांबली, डोळे पुसले, परत चालली. ह्युबर्ट स्क्रीनखाली बोट धरून अक्षरं लावत होता, ओठ हलवत.

*मेजर मी तुका त्या सांजेक सांगलंय मां की फ्लाव्हियान*

आणि वीज गेली.

पंखा थांबला. स्क्रीन काळा. माडीवर मिट्ट अंधार. गुरुदासने मोबाइलची बॅटरी लावली, ती मी हाताने झाकली. "विझव, मेल्या," मी त्याच्या कानात म्हटलं. आयुष्यात मी एवढं कमी बोललो नव्हतो.

अंधारात ह्युबर्टच्या खुर्चीचा आवाज झाला. मग त्याचा.

"फ्लाव्हियान काय?"

खाली रस्त्यावरून एक मोटरसायकल गेली. मग आल्बिना, अगदी हळू:

"कोणाक इचारतंस?"

आता त्याला सुटायला वाट होती. 'मेजराक' म्हणाला असता तर शपथ शाबूत होती. 'कॉम्प्युटराक' म्हणाला असता तरी चाललं असतं, ती पळवाट मीच काढून दिली होती.

"तुका," ह्युबर्ट म्हणाला. "तुकाच गो, आल्बिना. फ्लाव्हियान काय?"

"दोघांकय ऱ्हवाक बोलयल्यान," आल्बिना म्हणाली. "खोली दोघांची केल्यान. मी त्याच सांजेक सांगलंय. मेजर चुलीकडे पडललो, तेका सांगलंय, तू भायर बसललंस म्हणान. तू काय्येक बोलाक नाय. मी समाजलंय, तुका येवचा नाय."

"मी भायर नाय होतंय."

"म्हणजे?"

"त्या सांजेक मी घरातच नाय होतंय गो. मेजराक डॉक्टराकडे न्हेवक रिक्षा आणूक गेल्लंय. इलंय तेवा तो गेललो. माका अंड्यांच्या गिऱ्हायकान सांगल्यान, तू एकटीच जातंस म्हणान. नवी बॅग घेतलंस म्हणान."

"मेल्या, ती बॅग केदी मोठी आसा ता बघलंस तरी?"

अंधारात नाक ओढल्याचा आवाज झाला. एक आल्बिनाचा, एक ह्युबर्टचा. तिसरा माझा म्हणून गुरुदास सांगत फिरतो, पण तो काजूच्या धंद्यातला माणूस, त्याच्या बोलण्यात फोलपटं फार.

वीज आली. स्क्रीन उजळला. पान कोरं. संचिता कळवळून म्हणाली, "आजी, सेव्ह केलं नव्हतंत?" ह्युबर्ट गालात जीभ फिरवून बघत होता. जीभ जाग्यावर होती.

"आसांदे गो बाय," आल्बिना म्हणाली. "वाचून झाला."

त्या संध्याकाळी ती नेहमीसारखी रिक्षाने गेली नाही. त्याच्या स्कूटरवर मागे बसली, आणि गिरणीच्या उतारालाच दोघं बोलायला लागली. इतक्या वर्षांचं साचलेलं. आमच्या वाडीचं वळण आलं, गेलं. कुडाळ गेलं. सावंतवाडी गेली. इन्सुलीच्या चेकपोस्टवर शिपायाने हात केला तेव्हा कुठे दोघांना कळलं, आपण गोव्याच्या वेशीवर आहोत. शिपाई म्हणाला, "गाडीत काय आहे?" ह्युबर्ट शुद्ध मराठीत म्हणाला, "साहेब, काही नाही. बायको आहे." आणि मागून आल्बिना म्हणाली, "काय्येक नाय काय रे मी?" तिथे परत भांडण लागलं. शिपाई माझ्या मेहुण्याचा मेहुणा. त्याने स्वतः मला सांगितलं. टाकीत तेवढं पेट्रोल कुठून आलं, हे मात्र मलाही सुटलेलं नाही.

शेवटी, ठरल्या दिवशी सकाळी, मी आणि तुळसा त्यांना मालवणच्या एस.टी. स्टँडवर सोडायला गेलो. कोंबड्या आमच्याकडे दिल्या होत्या. ह्युबर्टचं शिलाई मशीन आधीच टेम्पोने गेलं होतं, कारण फ्लाव्हियाला पडदे शिवून हवे होते. हातात ती एकच बॅग. खरंच मोठी होती, दोन माणसांची. एका कडीला त्याचा हात, दुसऱ्या कडीला तिचा, आणि दोघंही गाडीच्या पायरीशी अडलेले.

"सोड गो, माका घेवंदे."

"तुझी कंबर बघ आधी. तू सोड."

"व्हिनेगराची बाटली वायच सरळ धर, सांडतली."

"माका शिकव नको. ती मीच भरलंय."

कंडक्टरने दोनदा घंटा मारली. मग दारात येऊन कमरेवर हात ठेवला. "आजोबा, आजी, चढा आता. भांडण आत बसून करा, सीट दोघांची धरलेली आसा."

दोघंही चढली. बॅग मध्ये ठेवली, तिच्यावर दोघांचे हात. गाडी भरड नाक्यापर्यंत दिसत होती, आणि खिडकीतून त्यांचं बोलणं तोवर ऐकू येत होतं.