कोल्ह्याची सही

बँकेत सगळे त्यांना भिंगसाहेब म्हणायचे. आयुष्यभर त्यांनी एकच काम केलं होतं, चेकवरची सही खरी की खोटी ते सांगायचं. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण डोळा काही निवृत्त व्हायला तयार नव्हता. दूधवाल्याने हसून नमस्कार केला की हे मनात म्हणणार, आज पाणी जास्त घातलेलं दिसतंय. बायको वैतागायची. "अहो, देवाने तुम्हाला डोळे दोनच दिलेत, पण संशय चार माणसांना पुरेल एवढा दिलाय."

सध्या दोघं लेकीकडे राहत होते आणि लेक राहत होती तिनेच आखलेल्या वसाहतीत. लेक आर्किटेक्ट. टेकडी आणि तळं यांच्यामधल्या उतारावर तिने घरं अशी बसवली होती की एकाही जुन्या झाडाला हात लागला नाही. ओढा पाइपात न कोंबता होता तसाच वाहू दिला होता. रस्ते उतार सांभाळत वळत गेलेले, त्यामुळे पाहुणे हमखास चुकायचे आणि भिंगसाहेब खिडकीतून त्यांच्यावर नजर ठेवायचे. पाखरांची झोप मोडू नये म्हणून दिवेही बुटके, गुडघ्याएवढे. आणि या सगळ्याच्या मधोमध, टेकडीपासून थेट तळ्यापर्यंत, एक रुंद पट्टा मोकळा सोडलेला. ना कुंपण, ना फरशी, ना बसायला बाक. सगळे त्याला 'वाट' म्हणत, पण ती माणसांसाठी नव्हती. घरं व्हायच्या आधी टेकडीवरचे कोल्हे इथूनच पाण्याला जायचे. घरं झाली तरी त्यांनी जावं, असा लेकीचा हट्ट होता.

बिल्डरने हा हट्ट एका अटीवर मानला होता. वर्षभरात जनावरं खरोखर आली तर वाट कायमची राहील. नाही आली तर तिथे गॅरेजं बांधायची. निकाल रहिवाशांच्या सभेने द्यायचा. वाट जिथे रस्ता ओलांडते तिथे लेकीने बारीक वाळूचा थर पसरून ठेवला होता, कोणी गेलंच तर पाऊल उमटावं म्हणून.

वर्ष सरत आलं आणि वाळू आपली कोरीच्या कोरी. लेक जेवताना बोलेनाशी झाली. ताटातलं चिवडत बसायची आणि अर्धं टाकून उठायची. आई तिच्याकडे बघायची, बाबा आईकडे बघायचे, आणि कोणीच काही विचारायचं नाही.

आणि एके सकाळी ठसे उमटले! टेकडीकडून आलेले, वाळू ओलांडून तळ्याकडे गेलेले. वसाहतीत नुसता गलका झाला. शेजारच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंना खरं तर गॅरेज हवं होतं, पण त्याही फोटो काढून गेल्या. लोक लेकीचं अभिनंदन करत होते आणि ती कसनुसं हसत होती.

गर्दी पांगल्यावर भिंगसाहेब वाळूशी उकिडवे बसले. सवयीने खिशातून भिंग काढलं. पहिला ठसा पाहिला, दुसरा पाहिला, तिसऱ्याला त्यांच्या मनात पाल चुकचुकली. सगळे ठसे हुबेहूब सारखे होते. खरी सही दोनदा सारखी येत नाही, हे त्यांनी कितीतरी कारकुनांना शिकवलं होतं. हात कधी थकलेला असतो, कधी पेन अडतं, कधी मागचा माणूस घाई करत असतो. दोन सह्या तंतोतंत जुळल्या की त्यातली एक तरी गिरवलेली असते. इथे तर कोल्ह्याचे चारही पाय एकाच साच्यातून काढल्यासारखे होते आणि प्रत्येकाच्या दुसऱ्या बोटाला तोच बारीक टवका होता.

म्हणजे कोणीतरी शेंडी लावत होतं. पण कोण?

पहिला संशय बिल्डरच्या मॅनेजरवर गेला. हा गोडबोल्या मुद्दाम खोटे ठसे उमटवणार आणि भर सभेत ते उघडे पाडून लेकीची नाचक्की करणार. भिंगसाहेबांनी त्याच्यावर पाळत ठेवली. पण तो पडला सुखी जीव, ऊन डोक्यावर आल्याशिवाय वसाहतीत पाऊल टाकायचा नाही. मग डॉक्टरीणबाई? त्यांना तर वाट नकोच होती, त्या कशाला वाकून वाळूत खेळतील? ठसे अधूनमधून उमटतच राहिले आणि संशय गावभर हिंडून शेवटी घराकडे वळला.

लेक रोज उजाडायच्या आधी बाहेर पडायची. परत यायची तेव्हा बुटांना वाळू लागलेली असायची. तिच्या कामाच्या खोलीत फळीवर कोल्ह्याच्या पंजाचा प्लास्टरचा नमुना होता. तो पाहिला, पण भिंग काढून त्यात टवका शोधायचा भिंगसाहेबांना धीर झाला नाही. ज्या माणसाने सख्ख्या मेव्हण्याचा चेक तोंडावर परत केला होता, त्याच्या घरात हे? त्यांना त्या रात्रीचं जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या चहाला त्यांनी विषय काढला.

"काय गं, एवढ्या पहाटे कुठे जाऊन आलीस?"

"वाटेवर."

"एकटीच?"

"नाही, कोल्ह्याचा हात धरून गेले होते." बोलताना ती हसली मात्र नाही. कप खाली ठेवून तिने त्यांच्याकडे रोखून पाहिलं. "बाबा, ते ठसे तुम्ही नीट पाहिलेत का?"

ही आपल्याला चाचपून बघतेय, भिंगसाहेबांना वाटलं. आपण पकडलं की नाही, तेवढंच हिला जाणून घ्यायचंय.

"पाहिले की."

"मग?"

"मग काय? कोल्हा आहे."

जन्मात पहिल्यांदा त्यांनी खोट्याला खरं म्हटलं होतं. लेकीने अर्धा भरलेला कप उचलला. मग "बरं" म्हणाली आणि उठून गेली.

ओट्याशी मटार सोलत बसलेली बायको म्हणाली, "झाली का उलटतपासणी? पोरीला दोन घोट सुखाने पिऊ देत जा."

सभा जवळ आली तशी बातमी पसरली की मॅनेजर जनावरांच्या ठशांचा एक जाणकार घेऊन येतोय. भिंगसाहेबांचं धाबं दणाणलं. जे आपल्याला एका नजरेत दिसलं ते त्या जाणकाराला दिसणार नाही? लेकीचं नाव मातीत जाणार. खोटे ठसे उमटवणारी बाई म्हणून तिला पुन्हा कोण काम देणार? त्यांना तिचा रागही आला होता आणि जीवही तुटत होता. दोन्ही एकदम होत होतं, त्यामुळे त्यांना धड रागावताही येईना.

सभेच्या दिवशी ते पहाटेच उठले. स्वयंपाकघरात बायको जागी होती. तिला "फिरून येतो" म्हणाले. लेकीच्या खोलीचं दार बंद होतं. वाळूवर बघतात तर ताजे ठसे! म्हणजे ही काम उरकून येऊन झोपलीसुद्धा, त्यांनी मनातल्या मनात जोडून टाकलं. मग इकडेतिकडे पाहून ते गुडघ्यांवर बसले आणि कामाला लागले. एका ठशाचं नख अंगठ्याने खोल केलं. एक जरा घसरवला. एकाचं बोट अर्धवट पुसलं. टवका सगळीकडून बुजवला. पुढचा पाय मोठा, मागचा लहान, कुठे घाई, कुठे थबकणं. गुडघे कुरकुरत होते, पण हात जराही थरथरला नाही. याचं त्यांना नवल वाटलं आणि लाजही वाटली.

सभा झाडांखालच्या मोकळ्या चौकात होती. त्याआधी जाणकार वाळूपाशी जाऊन बराच वेळ वाकून बघत होता. परत येऊन तो सगळ्यांसमोर म्हणाला, "मला तरी हे खरे वाटतात. कोल्हाच आहे, अंगाने जरा थोराड."

मॅनेजरचं तोंड उतरलं. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. भिंगसाहेबांच्या छातीवरचा धोंडा उतरला. वाट वाचली होती. लेक वाचली होती. आता घरी गेल्यावर तिला एकांतात चांगलं फैलावर घ्यायचं, असं त्यांनी ठरवूनही टाकलं.

तेवढ्यात लेक उभी राहिली.

"ठसे खोटे आहेत," ती म्हणाली. "कालपर्यंतचे सगळे एकाच साच्यातले होते. रोज पहाटे वाटेवर जाऊन मी फोटो काढलेत, कोणीही बघा. आज कोणीतरी ते सुधारलेत, आणि फार हुशारीने सुधारलेत. पण कोल्हा काही आलेला नाही. जनावराला घरांची, माणसांच्या वासाची सवय व्हायला वर्ष पुरत नाही. अट मान्य करताना मला हे कळायला हवं होतं, ती चूक माझी. आणखी थोडी वर्षं द्या, एवढं मी मागू शकते. पण तो आलाय, असं मी म्हणणार नाही."

चौकात कुजबुज सुरू झाली आणि शेवटी हात वर झाले. वाटेच्या बाजूने भिंगसाहेबांनी हात वर केला, बायकोने केला, आणखी काहींनी केला. गॅरेजच्या बाजूने जास्त हात होते. डॉक्टरीणबाईंनीही केला, फक्त लेकीकडे बघायचं टाळलं.

घरी आल्यावर लेकीने पंखा लावला, पाणी प्यायली आणि विचारलं, "बाबा, आजचे ठसे तुम्ही बदललेत ना?"

भिंगसाहेब खिशातलं भिंग चाचपू लागले.

"सारखेपणावरून खोटं पकडतात, हे या वसाहतीत दुसऱ्या कोणाला माहीत आहे? मग आधीचेही तुमचेच का?"

"नाही नाही, शपथेवर सांगतो. आधीचे माझे नव्हेत."

"मग कोणाचे?"

"माझे," बायको म्हणाली.

तिने पिठाच्या डब्यामागून एक लाकडी पळी काढली आणि टेबलावर ठेवली. पळीच्या पाठीला जुन्या चपलेचे रबरी तुकडे चिकटवलेले होते, चार बोटांचे चार आणि तळव्याचा एक. एका बोटाला टवका होता. भिंगसाहेब बघतच राहिले. आयुष्यात तेवढं एकच माणूस त्यांनी तपासायचं सोडून दिलं होतं.

"तुझा चेहरा बघवत नव्हता गं," बायको लेकीला म्हणाली. "म्हटलं, कोल्हा आज ना उद्या येईलच. तू म्हणालीस म्हणजे येणारच. तोवर लोकांनी दम धरावा, बस. तू भर सभेत असं बोलशील हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं."

"आई, वेडी आहेस तू." लेकीला हसू आलं, डोळेही भरले. तिने आईच्या खांद्यावर डोकं टेकवलं आणि थोडा वेळ तशीच राहिली. मग मान वर करून बाबांकडे पाहिलं.

"तुम्हाला पहिल्याच दिवशी कळलं होतं ना?"

"हो."

"मी चहाला विचारलं तुम्हाला. मुद्दाम विचारलं. माझा डोळा चुकत असेल, तुमचा चुकणार नाही, म्हणून. तुम्ही 'खोटे आहेत' म्हणाला असतात तर सभेत आपण दोघं मिळून उभे राहिलो असतो. मग कोल्हा आहे, असं का म्हणालात?"

"तुला सांभाळून घ्यायला गं."

"कशातून?"

भिंगसाहेबांची नजर नकळत तिच्या कामाच्या खोलीकडे गेली. लेक त्यांच्याकडे बघत राहिली. बघता बघता तिच्या चेहऱ्यावरचं हसू पार पुसलं गेलं.

"मी केलंय, असं वाटलं तुम्हाला," ती म्हणाली. हा प्रश्न नव्हता.

नाही म्हणता आलं असतं. सकाळीच हात चांगला बसला होता. पण समोर ती उभी होती आणि तिच्याशी आणखी एकदा खोटं बोलायचं त्यांच्या जिवावर आलं.

"हो," ते म्हणाले.

लेकीने मान हलवली आणि आपल्या खोलीत गेली. दार तिने आपटलं नाही, अगदी हलकेच लावलं. आपटलं असतं तर भिंगसाहेबांना बरं वाटलं असतं.