चाकांची लाल बादली

मित्रांनो, मी एक जुनी लाल बादली आहे, आणि मी रागावलेली आहे. गोडगोड कहाणी ऐकायची असेल तर पलीकडच्या निळ्या बादलीकडे जा. तिला सगळे चांगलंच म्हणतात.

भिंतीचा रंग पोटात घेऊन मी एका रंगाऱ्याकडे आले होते. रंग संपला तसा माझा मानही संपला. तो मला फेकणार, तेवढ्यात शेजारची एक बाई म्हणाली, "फेकू नका, मला द्या. माझ्या कामाची आहे." हे शब्द मी अजून विसरलेले नाही. तिचा दीर तिला वहिनी म्हणतो, म्हणून सगळं गावच तिला वहिनी म्हणतं. मीही म्हणते.

वहिनी तेव्हा गाड्या धुण्याचा धंदा सुरू करत होती. एका बंद गोदामापुढे तिने उताराची फरशी घातली, पाणी जायला चर काढला, फवाऱ्याचं मशीन आणलं. गाव एवढंसं. लोक म्हणाले, "गाडी काय घरच्या नळाखाली धुता येत नाही?" वहिनीने मशीन सुरू केलं. तिचे वडील आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्या चालवत आणि रोज सकाळी पुसत. त्यांच्याकडून शिकलेला नियम तिने पहिल्याच दिवशी दिराला सांगितला.

"भाऊजी, निळी बादली गाडीच्या अंगाला, लाल बादली चाकांना. चाकाचा ब्रश निळ्या बादलीत कधी बुडवायचा नाही. चाकाला वाळू असते. ती फडक्यातून वर गेली की रंगावर ओरखडे उठतात."

तेव्हापासून चिखल, डांबर, ब्रेकची काळी भुकटी, सगळं माझ्या पोटात. निळी फेसाने फुलून पुढे मिरवायची. गिऱ्हाईक गाडी कशी चकचकीत झाली म्हणून खूश व्हायचं आणि जाताजाता माझ्याकडे बघून नाक मुरडायचं. अहो, ती चकचकीत झाली कशी, हे कधी विचारलंत का? तरी मी चिखल पोटात घेत राहिले. काम माझं होतं आणि ते मला येत होतं.

भाऊजींना मात्र मी डोळ्यासमोर नको होते. माझ्यामुळे म्हणे दुकानाची शोभा जाते. वहिनी दोन दिवस शाम्पूचे कॅन आणायला शहरात गेली आणि त्यांनी संधी साधली. मला मशीनमागे नेलं, पालथं घातलं आणि वर बसून चहा घेतला. वहिनीचं सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी ठरलं, आणि पालथी झाले मी.

त्याच दिवशी दातांच्या डॉक्टरांची नवी काळी गाडी आली. भाऊजींनी एकाच बादलीतून आधी चाकं धुतली, मग बॉनेट. निळीच बादली, सुंदर फेस. मी मागून सगळं पाहत होते, पण बादलीला तोंड असून बोलता येत नाही.

दुसऱ्या दिवशी वहिनी परत आली, तर डॉक्टर दारात उभे. उन्हात बॉनेटवर बारीक गोल ओरखडे दिसत होते. ते ओरडले नाहीत. शांतपणे म्हणाले, "वहिनी, माझ्याकडे रोज वीस माणसं तोंड उघडून बसतात. त्यांना बोलता येत नाही, फक्त ऐकावं लागतं. मी त्यांना काय सांगू ते तुम्हीच ठरवा."

वहिनीचा चेहरा उतरला. धंदा जेमतेम दोन महिन्यांचा होता. एवढ्याशा गावात अशी गोष्ट पसरली, तर पुन्हा कोण फिरकणार?

आणि भाऊजी काय म्हणाले? "त्या लाल बादलीमुळे झालं असेल. घाणेरडी आहे ती. मी तर आधीपासून सांगत होतो."

चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय! माझ्या बुडाची आग कडीपर्यंत गेली.

वहिनी मशीनमागे आली. माझ्या पाठीवर भाऊजींचा चहाचा पेला होता. तो उचलून तिने मला सरळ केलं, आत हात फिरवला. मी कोरडी ठणठणीत. मग ती निळीकडे गेली. कालचं पाणी भाऊजींनी ओतलंही नव्हतं. तिने तळापर्यंत हात घातला.

"भाऊजी, हात पुढे करा." तिने मूठ त्यांच्या तळव्यावर उघडली. "हे काय आहे?"

"वाळू," भाऊजी खाली बघत म्हणाले.

वहिनी डॉक्टरांकडे वळली. "चूक आमची आहे. गाडी राहू द्या. आम्ही हाताने पॉलिश करून देतो. नाही पटलं तर सगळ्यांना खरं ते सांगा."

भाऊजी दोन दिवस बॉनेट घासत होते. खांदे भरून आले त्यांचे. मला वाईट वाटलं नाही, खोटं कशाला बोलू? माझी माफी तर अजून कुणी मागितलेली नाही.

आठवड्याने डॉक्टर पुन्हा आले. भाऊजींनी किल्लीसाठी हात पुढे केला. डॉक्टरांनी किल्ली मुठीतच ठेवली आणि म्हणाले, "आधी लाल बादली दाखवा."

भाऊजी गेले आणि मला दोन्ही हातांनी उचलून पुढे घेऊन आले. डॉक्टरांनी माझ्यात वाकून पाहिलं. मगच किल्ली दिली.

मित्रांनो, तुमच्याही घरात, शाळेत कुणीतरी सगळ्यांची घाण पोटात घेत असेल. त्याला घाणेरडं म्हणू नका. त्याला रोज स्वच्छ धुवा आणि त्याच्या जागेवर ठेवा. आणि बसायचंच असेल, तर बाजारात स्टूल मिळतं. भाऊजींनी कालच आणलं.