देवीचे डोळे

“पांढरं दिसते म्हणून पांढरं लावू नका, ताई. आधी पाहा.”

धम्मशीला मॅडमचं हे वाक्य कानात घेऊनच रुखमाबाई शिडीवर चढली. मेहकरला त्यांच्या चित्रकलेच्या वर्गात ती वर्षभर गेली, आणि यंदा जानेफळच्या देवीचे डोळे रंगवायचं काम तिनं आपणहून मागून घेतलं. उद्या घट बसायचे होते. डोळे बिघडले, तर पुन्हा कुणी तिला मूर्तीला हात लावू देणार नव्हतं.

देवीचं दर्शन झाल्याशिवाय पाणी प्यायचं नाही, हा तिचा लग्नापासूनचा नेम. इतकी वर्षं हात जोडले ते डोळे मिटून. ब्रश हाती आला तेव्हा कुठं ती पाहायला लागली. दरसालच्या पांढऱ्याफेक ऑइलपेंटनं देवीमाय डोळे वटारून पाहते, लेकरं गाभाऱ्याशी बिचकतात ते उगाच नाही! घरी सून पूनम बाळाला पाजायला बसली, की रुखमाबाई तिच्या डोळ्यांकडं बघतच राही. पापणीखालचं पांढरं तांदळाच्या धुवणासारखं, कोपऱ्यात किंचित गुलाबी.

तोच रंग तिनं आज लावला.

खालून गावातले म्हातारे पंजाबराव ओरडले, “काऊन वं रुखमा, मायले मोतीबिंदू झाला काय?”

मंडपातले सगळे खो-खो हसले.

“थांबा ना दादा, ऑपरेशन चालू हाये,” ती हळूच म्हणाली. तिनं देवीचं नाव घेतलं, पापणीखाली बारीक सावली ओढली, मग बुबुळं भरली, शेवटी उजेडाचा एकेक ठिपका ठेवला.

हसणं थांबलं.

खाली उतरून तिनं वर पाहिलं. माहेरी येणाऱ्या लेकीची वाट पाहावी, तशी माय पाहत होती.

“अबे, हे तं खरंच पाहून राह्यली!” पंजाबरावांनी टोपी सारखी करून हात जोडले. “बोला, अंबामाय की जय!” सारा मंडप दणाणला. रुखमाबाईच्या डोळ्यांना धार लागली, आणि ती तिनं पुसली नाही.

गर्दी पांगल्यावर पंजाबराव जवळ आले. आवाज खाली गेला होता.

“आमची घरवाली, कलाबाई, आता खाटेवरून उठत नाही, बाई. तिचा एकबी फोटो नाही. तिले कागदावर काढशीन काय?”

“काढीन, दादा. उद्याच येतो.”

दुसऱ्या दिवशी घट बसले. ‘डोळेवाली बाई कुठं हाये?’ म्हणून बाया शोधत होत्या. रुखमाबाई मात्र काखेत कागद घेऊन, देवळाच्या मागच्या दारानं पंजाबरावांच्या गल्लीकडं निघाली होती.